हौद्यातला उजेड

आमच्या घरी कोण कधी झोपणार, हे आठ महिन्यांची एक बाई ठरवते. माझीच मुलगी, पण सगळे तिला बाईसाहेब म्हणतात, कारण थाट तसाच. पाळण्यात ठेवलं की डोळे टक्क. मांडीवर घेतलं की माझी वेणी ओढायची. आजी गाणं म्हणायला लागली की ही आजीच्या तोंडात बोट घालून आवाज कुठून येतो ते तपासते. गाढ झोपते ती एकाच ठिकाणी: आत्याच्या पिकअपमध्ये, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, टोपलीत.

ही सवय आत्यानंच लावली. पहिला दात यायचा होता, तीन दिवस घरात नुसती रडारड. चौथ्या दिवशी ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, तणतणत आत आल्या, पोरीला टोपलीसकट उचललं, सीटवर ठेवून पट्टा आवळला, मला कडेला कोंबलं आणि गल्लीला चकरा मारायला सुरुवात केली. चौथ्या चकरेला टोपलीतून बारीक घोरणं ऐकू आलं. ताई म्हणाल्या, "बघितलंस? मुलीला इंजिन कळतं. आमच्या घराण्यावर गेलीय."

तेव्हापासून दुपारी ताई जेवायला आल्या आणि गाडी घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागली, की बाईसाहेब आपल्या महालात जातात. आता गाडी चालू असायचीही गरज नाही. खिडक्या उघड्या, दारावर ओली चादर, आणि चाळीस मिनिटं शांतता. नशीब जोरावर असेल तर पन्नास.

त्या चाळीस मिनिटांत मी गाडीच्या हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या उघड्या भागात, दिवे लावायचे ठरवले.

ताईंचं काम असं. गावातल्या कार्यक्रमांना खुर्च्या-टेबलं भाड्यानं देणारं एक दुकान आहे, त्याचा माल त्या नेतात आणि आणतात. नेताना दिवस असतो, आणताना मात्र पाहुणे गेलेले, मांडणीवाल्यांनी आपले दिवे काढून नेलेले, आणि मैदानात सहाशे खुर्च्या. मग तोंडात मोबाइल धरून, त्याच्या उजेडात हौदा भरायचा. महिन्यापूर्वी ताईंनी एक टेबल पायावर घेतलं, आणि त्या कळवळण्याच्या नादात अकरा खुर्च्या मैदानातच राहिल्या. सकाळी गेल्या तेव्हा त्यातल्या दोन खुर्च्यांवर दोन म्हातारे गप्पा मारत बसले होते. "उठा म्हणायलाही जीव होईना गं," ताई म्हणाल्या. "इतके छान बसले होते."

दुकानाच्या मालकीणबाईंना मात्र ते छान वाटलं नाही. या काकू. वाट्याला दोन हजार खुर्च्या, पण कुणी त्यांना बसलेलं पाहिलं असेल तर शपथ. कायम उभ्या, कायम मोजत. त्यांनी ताईंना सांगितलं, "हौद्यात एलईडीची पट्टी लावून घे. कुठे लावतात बघ आणि मला दाखव. बरी वाटली तर बाकीच्या पाच गाड्यांनाही लावते."

ताई हे जेवताना सांगत होत्या. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी लावते."

ताईंचा घास हातात राहिला. "तू?"

"मग काय? सहा वर्षं काय गॅरेजात झाडू मारला मी?"

खरंच सहा वर्षं मी गाड्यांची वायरिंग केली होती. वस्तादांच्या हाताखाली शिकले, पुढे माझ्या हाताखाली दोघं शिकले. पोटाचा घेर बॉनेटमध्ये मावेना तेव्हा थांबले. वस्ताद म्हणाले होते, "तुझी जागा तुझीच." जागा माझी होती हो, वेळ माझा नव्हता. गॅरेज सकाळी नऊला उघडतं आणि रात्री आठला मिटतं, आणि बाईसाहेब दर दोन तासांनी उघडतात आणि मिटतात. हे दोन कारखाने एकत्र चालणं शक्य नव्हतं. पण पाच गाड्या माझ्याच दारात येऊन उभ्या राहिल्या तर? एकेक करून, माझ्या वेळेनं, माझ्या हाकेच्या अंतरावर पोरगी ठेवून? पुढच्या दोन रात्री मी तेवढाच एक विचार उलटून पालटून पाहत होते.

म्हणून काकूंना मीच फोन केला. त्या आडपडदा ठेवणाऱ्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघ, शनिवारी संध्याकाळी मोठा माल उचलायचाय. मी स्वतः येईन गाडीबरोबर. दिवे नीट असले तर पाचही गाड्या तुझ्या. नसले तर तुझ्या हातचा चहा घेईन आणि गाड्या गॅरेजला पाठवीन. मग वाईट वाटून घ्यायचं नाही."

"नाही वाटणार," मी म्हटलं. खोटं बोलले.

सोमवारी पहिली झोप मापं घेण्यात गेली. आवाज करायचा नव्हता, त्यामुळे कामाची काही पथ्यं आपोआप ठरली. ड्रिल बंद. हातोडी बंद. इंजिन चालू करायचं नाही. हौद्याचं मागचं खाली पडणारं दार असतं, फाळका, तो तर पाडलेलाच ठेवायचा, कारण तो लावताना असा धाडकन आदळतो की तीन घरांपलीकडचं कुत्रं जागं होतं. मी चपला काढून, चवड्यावर हौद्यात चढले. हौद्याच्या कडेला वरच्या बाजूला आतून एक ओठ असतो, दुमडलेला पत्रा. पट्टी त्या ओठाखाली लावायची, म्हणजे दिवा डोळ्यांत जात नाही आणि खुर्च्यांचा मारही लागत नाही. डावी बाजू, केबिनला लागून असलेली पुढची भिंत, उजवी बाजू. तीन बाजू, एक सलग पट्टी.

सासूबाई टेप घेऊन आल्या. त्यांनी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कटिंग केलंय, मापाच्या बाबतीत त्या देवावरही विश्वास ठेवत नाहीत. मी पुटपुटत आकडा सांगितला, त्यांनी पुन्हा मोजला.

"बोटभर कमी सांगितलंस."

"आई, पत्रा आहे तो, झंपर नाही. बोटभर चालतं."

"कात्रीला बोटभर चालत नाही," त्या कुजबुजल्या. मग मी त्यांना पट्टी उलगडून दाखवली. पिवळसर, लवचीक, आणि दर तीन दिव्यांनंतर एक बारीक रेघ, रेघेवर एवढुशी कात्री छापलेली. तिथेच कापायचं, मध्ये कुठे कापलं तर ते तीन दिवे गेले. सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. चेहरा असा खुलला की विचारू नका. "म्हणजे हे लोक कापायची खूण घालूनच देतात? तीस वर्षं मी खडूनं आखत बसले!"

कापायचा मान मग त्यांनाच दिला. त्यांनी घरातून आपली कात्री आणली, जी मला आजवर कागदालासुद्धा लावू दिलेली नाही, आणि कच्चकन कापलं. त्या कच्चनंच केबिनमध्ये हालचाल झाली. आम्ही दोघी हौद्यात पुतळ्यासारख्या. हालचाल थांबली. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "आमच्या वेळी मुलं यंत्रांच्या खडखडाटात झोपायची."

"तुमच्या वेळची मुलगी आत जेवतेय," मी म्हटलं. "तिला विचारा कशी झोपायची."

पट्टी आणताना ताई घोळ घालणारच होत्या. दुकानात सात रंग बदलणारी, रिमोटवाली पट्टी बघून त्यांचा जीव तिच्यात अडकला. मी पांढरी सांगितली होती, म्हणून नाइलाजानं तीच आणली. घरी येऊन त्या दोन तास रुसलेल्या.

"निळा काय दिसला असता गं वायरबाई!"

"ताई, गाडी आहे का सर्कस? निळ्या उजेडात लाल खुर्ची आणि काळी खुर्ची एकच दिसते. काकू मोजायला उभ्या राहिल्या तर?"

काकूंचं नाव काढल्यावर निळ्याचा विषय संपला.

मंगळवारी मी पट्टी चिकटवली. पाठीला चिकटपट्टी असतेच, कागद सोलायचा आणि दाबत जायचं. पण आधी पत्रा स्वच्छ हवा, धूळ-तेल काही नको. स्पिरिट माडीवर, कपाटात, सर्वांत वरच्या फळीवर होतं, लहान पोर घरात आहे म्हणून मीच ठेवलेलं. झोपेची दहा मिनिटं संपली होती. हाताशी होतं ते बाईसाहेबांच्या पुसण्याच्या ओल्या रुमालांचं पाकीट. काय स्वच्छ पुसतात हो ते! अख्खा ओठ पुसून काढला, पत्रा लखलखला, वासही बाळासारखा यायला लागला. मग पट्टी लावली, कोपऱ्यांत गोलाई देऊन, अंगठ्यानं दाबत. बेचाळीस मिनिटं. खाली उतरून लांबून पाहिलं तर ओळ अशी सरळ की मीच माझ्यावर खूश.

बुधवारी दुपारी ताई गाडी घेऊन आल्या त्या हसू दाबत. "वायरबाई, तुझी पट्टी माझ्या खुर्च्यांना मिठ्या मारत होती गं." दोन बाजू सुटून लोंबत होत्या.

मी पत्र्यावर बोट फिरवलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते रुमाल बाळाची त्वचा कोरडी पडू नये म्हणून असतात. त्यांत कसलं तरी मऊ ठेवणारं तेल असतं. मी गाडीच्या हौद्याला मॉइश्चरायझर लावून ठेवलं होतं.

सासूबाई हसून हसून पायरीवर बसल्या. "पत्र्याला रॅश येणार नाही आता, एवढं नक्की."

"हसा," मी म्हटलं. "गॅरेजात असते तर वस्तादांनी दारात उभी केली असती."

बुधवारची झोप स्पिरिटनं पुसण्यात गेली, आणि गुरुवारची दोन्ही बाजूंनी चिकटणारी नवी चिकटपट्टी लावून पट्टी पुन्हा चढवण्यात. नवरा कारखान्यातून आला, त्यानं विचारलं, "झालं का?"

"पट्टी लागली."

"चार दिवसांत एक पट्टी?"

"चार दिवस कुठले? चार झोपा."

तो बिचारा भांडी घासायला लागला. त्याच्या आवडीच्या कपाचा कान गेल्या महिन्यात तुटलाय, तरी तो तोच कप शेवटी घासतो, जपून. तेवढ्या वेळात बाईसाहेब माझ्या मांडीवर बसून फ्यूजच्या डबीचा खुळखुळा करत होत्या. मी बघत बसले. सहा वर्षं हातात खेळवलेली वस्तू तिच्या हातात एवढी मोठी दिसत होती.

शुक्रवारी बॅटरीपासून वायर काढली. वाटेत फ्यूज, मग रबरी नळीतून गाडीच्या पोटाखालून, चेसिसला बांधत बांधत, केबिनच्या मागं हौद्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत आणून वेटोळं करून ठेवली. गाडीखाली उताणी पडून मी हे करत होते आणि माझ्या बरोबर वर, एका पत्र्याच्या अंतरावर, ती झोपलेली. तिच्या श्वासाचा आवाज येत नव्हता, पण मला वाटत होतं येतोय. हातांना काही विचारावं लागत नव्हतं. पक्कड कुठे धरायची, वायर किती सोलायची, सगळं हातांनी इतके महिने सांभाळून ठेवलं होतं.

आणि शनिवार उजाडला. माल संध्याकाळी उचलायचा होता, म्हणून गाडी दिवसभर घरीच. दुपारच्या झोपेत शेवटचं काम: जोडणी आणि बटण. बटण कुठे हवं ते ताईंनी आधीच बजावलं होतं. "मागं. मी मागून चढते. केबिनमध्ये जाऊन दिवा लावायचा असेल तर मोबाइल तोंडात धरलेला काय वाईट?" तेव्हा मी वायर पुढच्या भिंतीपासून मागं नेली, उजव्या कोपऱ्यातल्या खांबावरून वर घेतली, बाहेरच्या अंगाला बटण बसवलं आणि पट्टीच्या मागच्या टोकाला ती सोल्डर करून जोडली. जाड ताडपत्री डोक्यावर घेऊन, अंधार करून, बटण दाबलं.

काय सांगू. खुर्च्यांच्या ओरखड्यांनी भरलेला, गंज धरलेला तो हौदा, आणि त्यात असा दुधासारखा उजेड. माझे हात, माझे मळके पाय, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी ताडपत्रीखाली एकटीच हसत बसले. बाहेरून सासूबाई कुजबुजल्या, "सूनबाई, लागला का गं?"

"या आत," मी म्हटलं. सासूबाई गुडघ्यांवर हात देत, कण्हत चढल्या आणि ताडपत्रीखाली शिरल्या. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या त्या उजेडात बसलो. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "शिवण नीट आलीय." त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही.

काकू संध्याकाळी आल्या. सूर्य नुकताच मावळलेला, शेडमध्ये अंधारून आलेलं. बाईसाहेबांची दुसरी डुलकी चालू होती, गाडी निघायला अजून अर्धा तास होता. काकू नेहमीप्रमाणे बसल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दाखव."

मी बटण दाबलं. उजेड झाला. काकूंनी हौद्यात वाकून पाहिलं, ओठाखाली बोट फिरवलं, पट्टी उपटून पाहिली. उपटली नाही. "हं," त्या म्हणाल्या. काकूंचं "हं" म्हणजे दुसऱ्या कुणाचे हारतुरे.

ताईंना मात्र तेवढ्यानं समाधान कुठलं! त्यांना वाटलं, गाडी निघताना कशी दिसेल तेही काकूंनी बघावं. "बंद गाडीत तर बघा काकू, नुसता शोरूम वाटतो!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी फाळका उचलला आणि सवयीनं आपटला.

धाडकन.

सगळे दिवे गेले.

मग केबिनमधून बाईसाहेबांनी असा सूर लावला की पत्रे थरथरले. सासूबाई धावल्या. ताईंचे हात अजून फाळक्यावर. "मी काय केलं?" त्या म्हणाल्या. "मी काहीच नाही केलं!"

"फ्यूज गेला असेल," मी म्हटलं. बॉनेट उघडलं, फ्यूज बदलला. मध्ये ताईंनी बटण बघायला फाळका पाडला होता. दिवे लागले. "लागले लागले!" ताई ओरडल्या आणि आनंदाच्या भरात फाळका पुन्हा आपटला.

पुन्हा अंधार.

"ताई!"

"अगं, लागलेच होते ना!"

काकूंनी घड्याळ पाहिलं. डबीत एकच फ्यूज उरला होता. मान खाली घालून मी तो हातात धरला आणि मला दिसलं, पाच गाड्या ओळीनं वस्तादांच्या गॅरेजकडे चालल्या आहेत. चहा ठेवावा का, असाही एक विचार मनात आला, खोटं कशाला बोलू.

मग मी फ्यूज खिशात टाकला. "ताई, आता दिवा लावायचा नाही. मी आत चढते. तुम्ही फाळका लावा. सावकाश."

"सावकाश हा शब्द या फाळक्याला ठाऊक नाही गं."

"मग आपटा. आता कोण झोपलंय इथे?"

खरंच की. आठवडाभर मी मांजराच्या पावलांनी वावरत होते, आणि आता अख्खी गल्ली जागी होती, बाईसाहेब आजीच्या कडेवर टाहो फोडत होत्या, आणि मला हवा तेवढा आवाज करायची मुभा होती. मी धप्पकन हौद्यात उडी मारली. मोबाइलचा उजेड उजव्या कोपऱ्यावर धरला. ताईंनी फाळका उचलला, आणि शेवटच्या वीतभर अंतरात त्याची कड खांबाला येऊन चिकटली. बरोबर माझ्या वायरवर. सुरी भाजीवर बसावी तशी. वरचं रबर फाटलं होतं, आतलं तांबं पत्र्याला टेकत होतं. फाळका पाडला की सुटत होतं, लावला की टेकत होतं.

मी सहा दिवस या गाडीवर काम केलं होतं, आणि एकदाही फाळका लावून पाहिला नव्हता.

"सापडलं," मी आतून म्हटलं. "किती वेळ आहे काकू?"

"पंधरा मिनिटं. तिथे माणसं थांबलीत."

"पुरे झाली."

पुढचं सगळं मी विचार न करता केलं. मागची वायर खांबापासून कापून टाकली. पट्टीला वीज एकाच टोकानं द्यायची असं थोडंच आहे, कात्रीच्या कोणत्याही खुणेवर देता येते. पुढच्या भिंतीच्या कोपऱ्यातली एक खूण निवडली, वरचं पारदर्शक रबर पातीनं सोललं, आतले तांब्याचे ठिपके उघडे केले. सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत मी बटण उखडून घेतलं.

"बटण मागं हवं होतं मला," ताई हळूच म्हणाल्या.

"ड्रायव्हरच्या दारामागं लावते. खाली उतरलात की हात तिथेच जातो."

"...जातो खरा."

सासूबाई बाळाला घेऊन हौद्याशी उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातानं मोबाइलचा उजेड धरत होत्या, तो माझ्या बोटांवर सोडून सगळीकडे पडत होता. "आई, इकडे." "हे काय, इकडेच आहे." शेवटी काकूंनी पुढे होऊन मोबाइल काढून घेतला आणि नेमका धरला. हात जराही हलला नाही. मी लाल वायर जोडली, काळी जोडली, वरून नळी सरकवली, दोन ठिकाणी बांधली. खिशातला शेवटचा फ्यूज बसवला.

दिवे लागले.

ताई माझ्याकडे बघत होत्या, मी फाळक्याकडे.

"आपट," काकू म्हणाल्या.

धाडकन. दिवे होते.

"पुन्हा."

धाडकन. होते. बाईसाहेब दचकल्या, हुंदका अर्धाच राहिला.

"पुन्हा." काकूंना आता चेव चढला होता. चौथ्या आपटीला बाईसाहेबांनी आत्याकडे संशयानं पाहिलं. पाचव्या आपटीला ओठ हलले. सहाव्याला त्या खदखदून हसल्या, असं हसल्या की आजीचा पदर हातातून सुटला. सातव्या वेळी ताईंनी फाळका उचलताच त्या आधीच हसायला लागल्या होत्या.

"हिला एवढं आवडतं," काकू मला म्हणाल्या, "तर तू आधी कसा लावून बघितला नाहीस फाळका? पहिलीच गोष्ट असते ती."

बहाणा करता आला असता. वेळ नव्हता, ताईंनी बटणाची घाई केली, काहीही. मी म्हटलं, "ती झोपलेली असायची काकू. फाळक्याचा आवाज होतो. उठली असती, म्हणून लावलाच नाही."

"सहा दिवस?"

"सहा दिवस."

काकूंनी बाळाकडे पाहिलं. मग हौद्याकडे. मग म्हणाल्या, "मी दोन पोरं वाढवली दुकानाच्या मागच्या खोलीत. खुर्च्या ओढल्या की उठायची. उचलून उचलून नेऊन कंबर मोडली. त्यामुळे अजून बसता येत नाही धड." बोलता बोलता कमरेच्या जुडग्यातून त्या एक किल्ली सोडवत होत्या. सुटेना, नखानं रिंग उघडेना. ताईंनी मदतीला हात पुढे केला तर तो झटकला. शेवटी निघाली. "लहान गाडीची आहे, पाचांतली पहिली. सोमवारी सकाळी माणूस आणून लावील. किती दिवसांत, ते विचारत नाही. पण आधी फाळका बघायचा. आधी दारं, खिडक्या, जे जे हलतं ते सगळं हलवून बघायचं, मग वायर."

"हो."

"आणि पट्टी पांढरीच."

"काकू, निळी पण..." ताई म्हणाल्या.

"पांढरीच."

ताई निमूट गाडीत बसल्या. काकू शेजारी चढल्या, टोपली माझ्या हातात दिली. गाडी गल्लीतून निघाली तेव्हा ताईंनी मुद्दाम दिवे चालू ठेवले होते. रिकामा हौदा उजेडानं काठोकाठ भरून चालला होता, दारादारांतून लोक वाकून बघत होते, आणि शेवटच्या वळणावर ताईंनी हॉर्न दिला, दोनदा, गरज नसताना.

सासूबाई मोबाइलवर लेकाला फोन लावायला आत गेल्या. "अरे, झालं रे! अरे, आधी बंद पडलं, मग झालं! थांब, पहिल्यापासून सांगते."

मी बाळाला घेऊन पायरीवर बसले. मुठीत किल्ली होती, घामानं ओली. बाईसाहेबांनी माझी मूठ एकेक बोट सोडवून उघडली, किल्ली उचलली आणि थेट तोंडात घातली. नवा दात, नवी वस्तू.

मी ती काढून घेतली. तिनं ओढली, मी ओढली. दुसरं काही असतं तर मी दिलं असतं. फ्यूजची डबी दिली होती, टेप दिली होती, माझे केस, माझ्या झोपा, काय दिलं नव्हतं!

"अंहं," मी म्हटलं. "हे आईचं आहे."

ती थबकली. भुवया उचलून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जणू घरात कुणी नवीन बाई आली आहे आणि ती कोण ते नीट बघून ठेवायला हवं.